वऱ्हाडचे दादासाहेब खापर्डे

गणेश श्रीकृष्ण उर्फ दादासाहेब खापर्डे (१८५४–१९३८) : वऱ्हाडातील नामांकित वकील, राजकीय पुढारी आणि लोकमान्य टिळकांचे निकटचे सहकारी. त्यांचा जन्म २७ ऑगस्ट १८५४ रोजी वऱ्हाडात झाला. मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १८७७ मध्ये ते बी. ए. झाले व १८८४ मध्ये त्यांनी एलएल. बी. ही पदवी मिळविली. १८८५ पासून पाच वर्षे त्यांनी वऱ्हाडात सरकारी नोकरी केली. १८९० मध्ये राजीनामा देऊन त्यांनी अमरावतीस वकिली सुरू केली. अल्पावधीतच त्यांचा जम बसला. त्यांचे वैभव आणि दिलदारपणा पाहून लोक त्यांना ‘वऱ्हाडचे नवाब’ म्हणत.

१८९७ मध्ये अमरावतीस भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचे ते स्वागताध्यक्ष होते. १९०७ मध्ये सुरतेस काँग्रेस दुभंगली, तेव्हा ते जहाल पक्षात टिळकांच्या बाजूने उभे राहिले. जुलै १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. तिच्याविरुद्ध प्रिव्ही कौन्सिलमध्ये दाद मागण्यासाठी दादासाहेब चालती वकिली सोडून इंग्लंडला गेले आणि सुमारे दोन वर्षे तेथे राहिले. अपिलाला यश आले नाही. टिळकांची सुटका १९१४ मध्येच झाली. या खटाटोपात दादासाहेबांच्या व्यवसायाला मोठा फटका बसला.

याच खटल्याच्या निमित्ताने बुलढाणा जिल्ह्याशी त्यांचे नाव जोडले गेले आहे. शेगाव ज्या खामगाव तालुक्यात होते, तो तालुका १९०५ मध्ये अकोला जिल्ह्यातून काढून बुलढाण्यास जोडण्यात आला होता. दासगणू महाराजांच्या ‘श्रीगजानन विजय’ ग्रंथातील कथेनुसार, टिळकांना अटक झाल्यावर खापर्डे यांच्या सांगण्यावरून कोल्हटकर शेगावी गेले आणि गजानन महाराजांनी दिलेली भाकरी त्यांनी प्रसाद म्हणून टिळकांना पोहोचविली. सुटका होणार नाही, परंतु टिळकांच्या हातून मोठे कार्य होईल, असा महाराजांच्या बोलण्याचा आशय होता. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’शी भाविक त्याचा संबंध जोडतात.

इंग्लंडहून परतल्यावर दादासाहेब डिसेंबर १९१० मध्ये शिर्डीस गेले. डिसेंबर १९११ पासून त्यांचा तेथे सुमारे तीन महिने मुक्काम होता. त्या काळातील त्यांची दैनंदिनी साईबाबांच्या चरित्राचे समकालीन साधन मानली जाते. पुढे ते केंद्रीय कायदे मंडळाचे आणि १९२० ते १९२५ या काळात कौन्सिल ऑफ स्टेटचे सभासद होते. १ जुलै १९३८ रोजी त्यांचे निधन झाले.