अख्खी सिगारेट

महाडच्या पाण्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. विस्तवाविषयी फारसे कोणी लिहीत नाही. वास्तविक अस्पृश्यतेचा व्यवहार जसा पाणवठ्यावर चाले तसाच तो चिलमीवरही चाले. चिलीम या तोंडातून त्या तोंडात जाते, म्हणून ती जातीबाहेर जात नसे. महाराने विडीसाठी विस्तव मागितला तर निखारा लांबून टाकला जाई. उच्च शिक्षणातील समतेची भाषणे ऐकताना मला ही चिलीम आठवते. त्याला कारण आहे.

या किनारपट्टीत शिक्षणाचा झगडा हा बसण्याच्या जागेचाही झगडा होता. रामचंद्र बाबाजी मोरे यांना शिष्यवृत्ती मिळूनही महाडच्या इंग्रजी शाळेने प्रवेश नाकारला. पोराने वर्तमानपत्राला पत्र लिहिले. प्रवेश मिळाला, बसायला जागा मात्र वेगळी. हेच मोरे पुढे १९२७ च्या महाड परिषदेच्या उभारणीत होते. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले गेले. डिसेंबरात बाबासाहेब पुन्हा आले ते ‘पद्मावती’ बोटीने, दासगाव बंदरात उतरून. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली गेली. (तो विस्तव कोणाकडे मागावा लागला नाही.) १९६१ साली त्याच महाडात पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे कॉलेज उभे राहिले.

मी शिकलो ते मात्र या किनाऱ्यावरच्या दुसऱ्या एका कॉलेजात, १९७४ च्या सुमारास. जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ चे. “माझ्या वर्गात जात नाही,” असे आमचे सर म्हणत, आणि ते खोटे नव्हते. वर्गात ते जुनी वही वाचून दाखवीत. ती सर्वांना सारखीच ऐकू येई. खरे शिकवणे फाटकाबाहेरच्या टपरीवर चाले. मुंबई विद्यापीठाच्या पेपरात उत्तर कसे मांडावे, कोणते पुस्तक वाचावे, कोणाला भेटावे, हे सारे तिथे सिगारेटच्या धुरात सांगितले जाई. मुली तिथे उभ्या राहूच शकत नव्हत्या. आगऱ्या-कोळ्यांची आणि आमची पोरे लांब झाडाखाली असत.

मी सिगारेट ओढायला शिकलो ती शौकासाठी नव्हे. त्या घोळक्यात उभे राहता यावे म्हणून. शिष्यवृत्तीचे पैसे उशिरा येत, आले की त्यातले काही पाकिटावर जात. घोळक्यातली मुले पैशाअभावी एकच सिगारेट तिघांत ओढीत. मला मात्र कोणी ना कोणी अख्खी देई. मला तो मान वाटे! वर्षभराने वसतिगृहातल्या एका श्रीवर्धनकडच्या मित्राने विचारले, “तुला अख्खीच कशी देतात रे? उष्टी कधी दिली काय?”

दुसऱ्या दिवशी मी माझी अर्धी सिगारेट शेजाऱ्यापुढे धरली. हात पुढे आला नाही. सरांनी घड्याळाकडे पाहिले आणि तास आठवला.

२००३ च्या कायद्याने शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास बंदी घातली. बरे झाले, तंबाखूने आमच्या वस्त्यांतली किती छाताडे पोखरली ते मी पाहिले आहे. पण टपरी हलली तरी घोळका मोडतोच असे नाही. एम्स या वैद्यकीय संस्थेतील भेदभावाची चौकशी करणाऱ्या थोरात समितीने २००७ साली प्राध्यापकांच्या दुजाभावावर बोट ठेवले, तेही देशाच्या राजधानीत. २०१२ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने समतेचे नियम केले, समान संधी कक्ष आला. पुढे मी स्वतः प्राध्यापक झालो. आमच्या प्राध्यापकांच्या खोलीत कोण विद्यार्थी विड्या ओढतो याची चर्चा रंगे. वर्गाबाहेर आपण कोणाशी वर्षभर एक शब्दही बोललो नाही, हा प्रश्न मी एकदा काढला तेव्हा चहा आला आणि विषय बदलला.

निवृत्त होईपर्यंत मी तास संपल्यावर व्हरांड्यातल्या बाकावर तासभर बसत असे, कोणीही यावे म्हणून. पहिल्या वर्षी आल्या त्या मुलीच. मुलगे पुढच्या वर्षी आले. सिगारेट तोवर सुटली होती. खोकला अजून आहे.