औंदा लिमिट वाढेल काय?

मृग लागायच्या आधी आमच्या आसेगावात दोन गोष्टींची विचारणा होते: पाऊस कधी येणार, आणि पीककर्ज वाढून मिळणार की नाही. पावसाचं उत्तर कोणाकडे नसतं. कर्जाचं उत्तर कागदावर असतं, आणि तो कागद भरण्यात माझी उभी नोकरी गेली. मंगरुळपीर तालुक्यात मी सेवा सोसायट्यांचा गटसचिव होतो. ‘सचिवभाऊ, औंदा काही वाढवून द्या ना’ हे वाक्य मी जितकं ऐकलं, तितकं दुसरं कुठलंच ऐकलं नसेल. मर्यादा वाढवून मागण्याची ही रीत माझ्या सोसायटीहून जुनी, किसान क्रेडिट कार्डाहून तर फारच जुनी. पण ती कोणाकडे मागायची आणि देणारा ती कशावर ठरवायचा, हे पिढ्यापिढ्यांनी बदलत गेलं. शेतकऱ्याचं बरंवाईट या बदलावर ठरलं, असं माझं ठाम मत आहे.

१८५३ साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभारात आला. त्याआधीही सावकार होताच. बी-बियाण्याला धान्य द्यायचा आणि सुगीत सव्वापट, दीडपट मोजून घ्यायचा. या वाढीदिढीला एक आपोआप लगाम होता: खळ्यावर जेवढं धान्य, तेवढीच उचल. १८६० च्या दशकात इथे मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली आणि जमीन कुणब्याच्या नावावर लागली. ती विकता येऊ लागली, गहाण टाकता येऊ लागली. त्याच सुमारास, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. अकोल्याला रेल्वे आली, खामगावचा बाजार फुलला. सावकाराने हात सैल सोडला, कारण आता त्याची नजर खळ्यावर नव्हती, शेतावर होती. उचलीची मर्यादा म्हणजे जमिनीची किंमत, असा हिशेब झाला.

युद्ध संपलं, भाव पडला, कर्ज राहिलं. कुणबी आणखी मागायला गेला तर सावकार सहसा नाही म्हणत नसे. जुनी बाकी आणि व्याज एकत्र करून तो नवा दस्त लिहून घ्यायचा, वरून थोडी रोख द्यायचा. म्हणजे मर्यादा वाढायची, पण घरी यायचे चार रुपये आणि कागदावर चढायचे चाळीस. मुदतीत फेड झाली नाही की गहाणाचं खरेदीखत व्हायचं. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले, ते असल्याच दस्तांना कंटाळून. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला, पण तो पुणे, नगर, सोलापूर, सातारा या जिल्ह्यांपुरता. आमच्या वऱ्हाडाला त्याचा आधार मिळाला नाही. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी विहिरीला आणि बियाण्याला सरकारी तगाई मिळू लागली, पण तहसिलीचे हेलपाटे घालून हाती येणारी ती रक्कम हंगामाला पुरत नसे.

१९०४ साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला आणि पहिल्यांदा मर्यादा ठरवणारा हात बदलला. जर्मनीतल्या रायफायझनच्या नमुन्यावरच्या या सोसायट्यांत जबाबदारी अमर्याद असे: एकाने बुडवलं तर बाकीच्यांनी भरायचं. म्हणून गावातलेच दहाजण बसून ठरवायचे की कोणाची ऐपत किती, कोणाला किती द्यायचं. यात मोठा अर्थ होता. ज्याचं शेत, बैल आणि स्वभाव शेजाऱ्याला ठाऊक, त्याची मर्यादा शेजारी ठरवत होता. यात खोटही होती. पंचांत ज्याचा माणूस, त्याला जास्त. ज्याचा कोणी नाही, त्याला टाचून. १९२९ नंतरच्या जागतिक मंदीत कापूस मातीमोल झाला तेव्हा वऱ्हाडातल्या सोसायट्या थकबाकीत रुतल्या, आणि शेतकरी पुन्हा सावकाराच्या ओट्यावर गेला. १९३३ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात कर्ज लवादाचा कायदा झाला. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख झटले. देणेकरी आणि घेणेकरी समोरासमोर बसवून बाकी कमी करून घेण्याची वाट या कायद्याने उघडली. जुनं ओझं हलकं झालं. नवं कर्ज कशावर द्यायचं, हा प्रश्न राहिलाच.

त्याचं उत्तर स्वातंत्र्यानंतर मिळालं. रिझर्व्ह बँकेने १९५१-५२ मध्ये देशभर ग्रामीण पतपाहणी केली. अ. द. गोरवाला अध्यक्ष होते आणि धनंजयराव गाडगीळ समितीत होते. १९५४ च्या अहवालात दिसलं की शेतकऱ्याच्या एकूण कर्जात सहकाराचा वाटा जेमतेम ३.१ टक्के, तर सावकारांचा ७० टक्क्यांच्या आसपास. समितीने सांगितलं की जमिनीच्या किमतीवर कर्ज देणं थांबवा, पिकावर द्या. किती क्षेत्र, कोणतं पीक, त्याला खर्च किती, त्यावरून रक्कम ठरवा आणि पीक विकलं की वसूल करा. माझ्या मते आमच्या दीडशे वर्षांतला हा सगळ्यात मोठा बदल. जमीन सावकाराच्या डोळ्यांत भरायची. पिकाचा खर्च मात्र शेतकऱ्याला स्वतःला बोटांवर ठाऊक असतो. ज्याचा हिशेब आपल्याला येतो, त्यावर आपल्याला भांडता येतं.

मी नोकरीला लागलो तेव्हा हे सगळं एका कागदात उतरलेलं होतं: कर्ज मर्यादा पत्रक, आम्ही त्याला क. म. पत्रक म्हणायचो. आडवा, लांबलचक तक्ता. डावीकडे सभासदाचं नाव, मग गट नंबर, क्षेत्र, पीक, एकरी दर, सोसायटीतले भाग, मागची बाकी. उजवीकडे शेवटी दोन रकाने शेजारी शेजारी: मागणी आणि मंजुरी. एकरी दर जिल्ह्याची तांत्रिक समिती ठरवायची, आणि आमची अकोला जिल्हा मध्यवर्ती बँक त्यावरून मंजुरी द्यायची. मागणीचा रकाना मी सभासदाला विचारून भरायचो. बहुतेक जण म्हणायचे, ‘तुम्हीच टाका भाऊ, किती बसते ते.’ एखादाच बोट ठेवून विचारायचा, ‘माझी विहीर कुठं दिसत नाही याच्यात?’ सातबाऱ्यावर विहिरीची नोंद नसली की सगळं क्षेत्र कोरडवाहू धरलं जाई, रब्बीचा हरभरा हिशेबात येत नसे आणि मर्यादा तिथल्या तिथे राही. विचारणारा तलाठ्याकडे जाऊन नोंद लावून आणायचा. पुढच्या पत्रकात त्याचा आकडा वाढलेला असायचा, आणि त्यासाठी त्याला कोणाचे पाय धरावे लागले नव्हते.

वसुलीची बाजूही तेव्हा बांधलेली होती. १९७२ पासून कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. कापूस शासनाच्या केंद्रावर जायचा आणि चुकाऱ्यातून सोसायटीचं कर्ज परस्पर कापलं जायचं. शेतकरी कुरकुर करायचा, पण नव्या हंगामाला खातं मोकळं असायचं. पुढे आमच्या भागात सोयाबीन आलं, कापूस मागे हटला, एकाधिकारही संपला. सोयाबीन व्यापाऱ्याला विकलं जातं, पैसा हातात येतो आणि आधी कृषी केंद्राची उधारी, मग दवाखाना, मग शाळा असा वाटला जातो. सोसायटीचा नंबर शेवटी लागतो.

१९९८ साल आमच्यासाठी दुहेरी आठवणीचं. १९०५ मध्ये इंग्रजांनी मोडलेला वाशिम जिल्हा त्या वर्षी १ जुलैला अकोल्यातून पुन्हा वेगळा झाला, आणि त्याच वर्षी रा. वि. गुप्ता समितीच्या शिफारशीवरून किसान क्रेडिट कार्ड आलं. नावाला कार्ड, पण बहुतेकांच्या हाती आलं ते फोटो लावलेलं पासबुक. खरं कार्ड, एटीएममध्ये चालणारं, २०१२ च्या सुधारणेनंतर आलं. त्या सुधारणेत मर्यादेचं सूत्र स्पष्ट लिहिलं आहे, आणि ते प्रत्येक खातेदाराने पाठ करावं असं आहे. समजा चार एकर सोयाबीन, आणि दर एकरी २०,००० रुपये धरला. झाले ८०,०००. त्यावर काढणीनंतरच्या आणि घरच्या गरजेसाठी १० टक्के, म्हणजे ८,०००. अवजारं, मोटार, डागडुजीसाठी २० टक्के, म्हणजे १६,०००. विम्याचा हप्ता वेगळा. पहिल्या वर्षाची मर्यादा १,०४,०००. पुढे दरवर्षी वाढत्या खर्चापोटी १० टक्के वाढ धरायची. पाचव्या वर्षी ती १,५२,००० च्या वर जाते. ही वाढ पाच वर्षांच्या मंजुरीतच धरलेली असते. शाखेत जाऊन एवढंच विचारायचं असतं, ‘साहेब, दहा टक्के वाढ माझ्या खात्याला लागली का?’

विनातारण मर्यादाही सरकत आली आहे. २०१९ मध्ये ती १ लाखावरून १ लाख ६० हजार झाली, १ जानेवारी २०२५ पासून २ लाख. त्याच्या आत गहाणखत मागायचं नसतं.

मर्यादेबाहेर दिलेलं कर्ज शेतकऱ्याच्या अंगावर कसं येतं, हेही इतिहासात लिहून ठेवायला हवं. २००८ च्या केंद्राच्या कर्जमाफीत कोल्हापूर जिल्ह्यात क. म. मर्यादेपेक्षा जास्त दिलेली कर्जं अपात्र ठरली आणि सुमारे ११२ कोटी रुपयांची माफी परत मागितली गेली. वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या झाल्या. आकडा कोणी वाढवून दिला आणि फेडायला कोण उरलं, याचा तो धडा. आमच्याकडे त्या माफीचं दुःख वेगळं होतं. सरसकट माफी दोन हेक्टरांपर्यंत होती, आणि कोरडवाहूतला सहा-सात एकरवाला बागायतीतल्या दोन एकरवाल्याहून गरीब असूनही तिच्यातून सुटला.

मर्यादा वाढली म्हणजे भलं झालं, असंही नाही. मार्चअखेर गावात ‘नवं-जुनं’ चालतं. थकलेलं खातं भरायला शेतकरी खाजगीतून आठ दिवसांसाठी पैसे उचलतो, बँकेत भरतो, एप्रिलमध्ये वाढीव मर्यादेतून नवं कर्ज काढतो आणि खाजगीवाल्याला व्याजासह देतो. वाढीव आकडा शेतात कधी जातच नाही. हे पाहिलं की मला तो जुना दस्त आठवतो: बाकी अधिक व्याज, वरून थोडी रोख.

माझा मुलगा पुण्यात नोकरीला आहे. त्याच्या मोबाईलवर क्रेडिट कार्डवाले न मागता मर्यादा वाढवून द्यायला तयार असतात. त्याची स्पष्ट संमती असल्याशिवाय ती वाढवता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा दंडक आहे, हे मी त्याला सांगितलं. मागे राहिलेल्या बाकीवर त्या कार्डाला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं, हेही सांगितलं. इकडे वेळेवर फेडणाऱ्याला तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज केंद्र आणि राज्याच्या व्याज सवलतीमुळे बिनव्याजी पडतं. स्वस्त पैशासाठी हेलपाटे आणि महाग पैसा दारात, हे मला फार खुपतं. आता शाखांत सिबिलचा आकडाही पाहतात. पीककर्जाला सिबिल मागू नका, असं राज्य सरकारने बँकांना वारंवार बजावलं आहे, तरी मोटरसायकलचा एक हप्ता थकलेला पोरगा पीककर्जाला अडलेला मी पाहिला आहे. एवढ्या वर्षांनी पिकावर आणून ठेवलेली मर्यादा पुन्हा पिकापासून दूर चालली आहे, ही माझी खरी काळजी.

म्हणून गावातल्या तरुण खातेदारांना मी एकच आग्रह करतो. एप्रिलमध्येच आपल्या मर्यादेचा कागद मागून घ्या. क्षेत्र, पीक, विहीर, संत्र्याची बाग, ई-पीक पाहणी, सगळं त्यात बरोबर उतरलं आहे का ते पाहा. कमी असेल तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. सोसायट्यांनी आणि बँकांनीही दर मे महिन्यात प्रत्येक खातेदाराला त्याच्या मर्यादेचा हिशेब मराठीत छापून हातात द्यावा: दर किती धरला, क्षेत्र किती, दहा आणि वीस टक्के कुठे. मागणी आणि मंजुरी यांच्यात फरक पडला, तर तो का पडला हे त्याच कागदावर लिहावं. याला नवा कायदा लागत नाही, पैसाही लागत नाही.