गॅरेजचा वारसा

वारसा म्हटलं की आपल्याला घर, शेत, दागिने आठवतात. आज बोलू या गॅरेजच्या वारशाबद्दल. मुंबईत जुन्या मोटारी दुरुस्त करणारी काही गॅरेजं आजोबांकडून वडिलांकडे, वडिलांकडून मुलाकडे आलेली आहेत. जागा लहान, भिंती काळ्या, पण तिथल्या माणसांना जे येतं ते फारसं कुठे लिहिलेलं नाही. हे कसब आलं कुठून?

सुरुवात शंभर वर्षांपूर्वीची. १९२८ साली जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनं शिवडीला कारखाना काढला. सुटे भाग बोटीनं यायचे आणि मोटार इथं जोडली जायची. पुढे सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी काढली, आणि तिच्या मोटारी कुर्ल्याला तयार होऊ लागल्या. मोटारी वाढल्या, तशी गॅरेजंही वाढली. तिथं काम शिकायचं म्हणजे उस्तादाच्या हाताखाली राहायचं. आधी पाने पुसायचे, मग मागेल तो पाना हातात द्यायचा, आणि बऱ्याच दिवसांनी इंजिनाला हात लावायचा.

खरी कसोटी आली दुसऱ्या पिढीच्या वेळी. १९५३ मध्ये सरकारनं ठरवलं, की जे फक्त जोडणी करतात आणि इथं उत्पादन करत नाहीत, त्यांना जागा नाही. १९५४ मध्ये जनरल मोटर्सनं इथलं काम बंद केलं. कंपनी गेली, पण तिच्या शेव्हरोले, ब्यूक रस्त्यावरच राहिल्या. सुटे भाग परदेशातून आणणं अवघड झालं. नवी मोटार घ्यावी, तर फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागे. मग असलेली मोटार टिकवायची, एवढाच मार्ग उरला.

मैत्रिणींनो, फाटलं म्हणून आपण कापड लगेच टाकत नाही ना? रफू करतो, ठिगळ लावतो. गॅरेजवाल्यांनी तेच केलं. बुश झिजला, की लेथवर नवा कातून घ्यायचा. गॅस्केट मिळत नसेल, तर जाड कागद इंजिनाच्या भागावर ठेवून कडेकडेनं हातोडी ठोकायची, की नेमका आकार उमटतो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावून मूठ कानाशी धरली, की आवाज कुठून येतो ते कळतं. चोरबाजारात जुन्या भागांच्या ढिगातून हवा तो तुकडा ओळखून काढायचा, हीसुद्धा विद्याच. टंचाईनं ही माणसं घडवली.

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि काळ बदलला. भाग सहज मिळू लागले, दुरुस्तीपेक्षा बदलणं सोपं झालं. प्रीमियर पद्मिनीचं उत्पादन २००० च्या सुमारास थांबलं. ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सीही निवृत्त झाली.

गंमत अशी, की आता जुन्या मोटारीला मान आला आहे. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरं असतात. ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी चालवता येत नाही. प्रदर्शनात, रॅलीत मात्र नेता येते. म्हणजे १९७४ ची पद्मिनीही आता या मानाला पात्र आहे. पण कागदावर मान मिळाला, म्हणून इंजिन सुरू होत नाही. त्यासाठी जाणता हात लागतो.

आणि तो हात पुढे कुणाचा असणार? 'अमुक अँड सन्स' अशा पाट्या आपण खूप पाहतो. 'अँड डॉटर्स' किती पाहिल्या? हे बायकांचं काम नव्हे, असं कुणी म्हणालं तर त्याला मोटारीच्या जन्माची गोष्ट सांगा. मोटारीचे जनक कार्ल बेंझ यांची पत्नी बर्था हिनं १८८८ साली जर्मनीत दोन मुलांना घेऊन मानहाइम ते फोर्त्सहाइम असा शंभरेक किलोमीटरचा प्रवास केला. इंधनाची नळी तुंबली, ती तिनं टोपीच्या पिनेनं साफ केली. ब्रेक झिजले, तर वाटेत चांभाराकडून त्यांवर चामडं ठोकून घेतलं. मोटारीचा पहिला लांबचा प्रवास म्हणून इतिहासात नोंद आहे ती याच प्रवासाची, आणि वाटेतली दुरुस्ती एका बाईनं केली होती.

२००५ च्या कायद्यानं हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. गॅरेजच्या जागेत तिचा वाटा धरता येईल, पण कसबाचा वाटा कायदा देऊ शकत नाही, तो शिकवावाच लागतो. मुलानं दुसरी वाट धरली आणि मुलीला कुणी विचारलंच नाही, तर शटर कायमचं खाली येतं आणि जागेचे पैसे तेवढे उरतात.

तुमच्या घरात, शेजारात असं गॅरेज असेल, किंवा सुताराचं, घड्याळजीचं दुकान असेल, तर एवढं करा. जुन्या माणसाला बोलतं करा. कुठला भाग कसा बनवला, कुठला आवाज कशाचा, हे मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. आणि घरातल्या मुलीला एकदा तरी विचारा, "बाळ, शिकतेस का?"