कॅप्चा : यंत्राला अटकाव, माणसाला वाट

संकेतस्थळांवर स्वयंचलित प्रणालींद्वारे होणारी बनावट खातेनोंदणी रोखण्यासाठी घेतल्या जाणाऱ्या चाचणीस ‘कॅप्चा’ म्हणतात. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाचे लुईस फॉन आन, मॅन्युएल ब्लम व निकोलस हॉपर आणि आयबीएमचे जॉन लँगफर्ड यांनी ही संज्ञा रूढ केली. वेड्यावाकड्या अक्षरांची ही चाचणी मोफत ईमेल सेवांनी सुरुवातीच्या काळातच स्वीकारली.

२००७ मध्ये आलेल्या ‘रीकॅप्चा’ने जुन्या ग्रंथांतील, संगणकाला न उलगडलेले शब्द वापरकर्त्यांकडून वाचून घेतले. २००९ मध्ये गूगलने ती विकत घेतली. पुढे यंत्रेही अशी अक्षरे वाचू लागली. तेव्हा २०१४ मध्ये ‘मी रोबोट नाही’ ही चौकट आली. २०१८ च्या आवृत्तीत वापरकर्त्याच्या वर्तनावरून गुण दिले जाऊ लागले.

मात्र, चित्रे व अक्षरांची चाचणी दृष्टिहीनांची वाट अडवते, तर पर्यायी ध्वनिचाचणी कर्णबधिर-दृष्टिहीनांना निरुपयोगी ठरते. म्हणून अर्जात माणसाला न दिसणारा रकाना ठेवतात. तो भरणारे यंत्र पकडले जाते. हा रकाना दृष्टिहीनांच्या वाचन-प्रणालीपासूनही लपवणे आवश्यक असते. ईमेलद्वारे खातरजमा आणि एकाच ठिकाणाहून होणाऱ्या नोंदणीवर मर्यादा हे अन्य उपाय होत.