आपले पणजोबा कोणत्या दप्तरात राहतात?

सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात घरोघरी एकच चौकशी सुरू झाली: पणजोबांच्या नावापुढे 'कुणबी' लिहिलंय का? आमच्या परभणीतल्या ग्रुपवर भरतीच्या जाहिरातींच्या जोडीला पिवळ्या पडलेल्या कागदांचे फोटो येऊ लागले. मीही शोधू लागले. पण मला दाखल्याइतकीच ओढ होती ती पणजोबांच्या धाकट्या भावाची. निजामाच्या काळात तो गाव सोडून गेला, तो परत आलाच नाही.

पहिली अडचण लिपीची. परभणी सप्टेंबर १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानात होती, त्यामुळे जुने कागद उर्दूत नाहीतर मोडीत. दुसरी अडचण सालाची. कागदावर १३४४ दिसलं की दचकू नका. ते फसली साल आहे. त्यात ५९० मिळवा, म्हणजे साधारण १९३४-३५.

मग कागद बोलू लागतात. खासरा पत्रकात जमीन कोणाची ते कळतं. कोतवाल बुकात जन्म-मृत्यू आणि जात. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरात वडिलांचं नाव, कधी कधी गावही.

हे वेड फक्त आपलं नाही. आयर्लंडमध्ये १८४५पासून बटाट्याचं पीक कुजलं. सुमारे दहा लाख माणसं मेली आणि जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्यांचे वंशज आज अमेरिका-ऑस्ट्रेलियातून आपलं मूळ गाव शोधतात. पण १९२२च्या यादवी युद्धात डब्लिनचं सरकारी दप्तरखाना जळालं आणि १८२१ ते १८५१च्या जनगणनेचे बहुतेक कागद त्यात गेले. मग ते आधार घेतात ग्रिफिथच्या जमीन मोजदादीचा, म्हणजे १८४७ ते १८६४ या काळात कर ठरवण्यासाठी केलेल्या याद्यांचा. माणसांची यादी जळाली, तर जमिनीच्या यादीत माणूस शोधायचा.

आपणही तेच करतो. पण ज्याच्याकडे जमीनच नव्हती, त्याचं काय? सालगडी, बलुतेदार, कामासाठी गाव सोडलेले, यांना खासरा पत्रक ओळखत नाही. आमच्या कागदात धाकट्या भावाचं नावच नाही. वाटणीला तो हजर नव्हता, एवढाच त्याचा अर्थ.

तो मला सापडला त्र्यंबकेश्वरला, तीर्थोपाध्यायांच्या वहीत. तिथे गाव आणि आडनाव सांगितलं की पानं उघडतात. आमच्या पानावर तिघा भावांची नावं आहेत, तिसरं त्याचं. तो कुठे गेला ते वही सांगत नाही. पण तो होता, हे सांगते.

त्याच पानावर पणजीचं नाव शोधलं. मिळालं नाही. दाखल्यासाठी बापाकडची वंशावळ लागते, म्हणून आपण बापाकडचंच शोधतो. पणजी कोणत्या गावची, तिचं माहेरचं नाव काय, हे कोणत्याही तहसीलच्या कपाटात नाही. ते आजीला माहीत आहे.

मी आधी तिच्याकडे बसले असते तरी चाललं असतं. कागद अजून दहा वर्षं टिकतील. तुमची आजी असेल, तर आज फोनचं रेकॉर्डिंग चालू करा आणि फक्त विचारा: तुझ्या आईचं माहेर कोणतं?