बहिष्कृत भारत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मुंबईहून चालविलेले मराठी पाक्षिक (३ एप्रिल १९२७–१५ नोव्हेंबर १९२९). त्यांच्या आधीच्या मूकनायक पत्रास (१९२०) राजर्षी शाहू महाराजांनी २,५०० रुपयांचे साहाय्य केले होते. मार्च १९२७ मधील महाडच्या सत्याग्रहानंतर अस्पृश्य समाजास स्वतःच्या पत्राची निकड अधिकच भासू लागली. तथापि वाचकवर्ग बहुतांशी निर्धन असल्याने वर्गणीतून खर्च भागत नसे. संपादकाच्या विनावेतन श्रमांवर पत्राची भिस्त होती. १९२८ मध्ये ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ या लेखातून हा भार समाजावरील ऋण म्हणून वाचकांपुढे मांडण्यात आला. अखेर आर्थिक अडचणींमुळे पत्र बंद पडले; गरज मात्र सरली नव्हती. १९३० मध्ये जनता हे पत्र निघाले. १९५६ मध्ये त्याचे प्रबुद्ध भारत असे नामांतर झाले.