सर्वांत नवी चिंधी

मालवण तालुक्यातल्या आमच्या आत्याच्या घरी एक गोधडी आहे. ती पणजीच्या हातची, निदान सव्वाशे वर्षांची, असे घरात सगळेच सांगतात. गणपतीला चाकरमानी घरी आले की ती पेटीतून निघते, उन्हात पडते आणि पुन्हा आत जाते. गेल्या खेपेला मी ती अंगणात उलगडून पाहत होतो. लुगड्याचे काठ, धोतराचे पांढरे तुकडे, चौकटीचा एक पंचा, आणि कडेजवळ वीतभर लांबीची निळी, गुळगुळीत चिंधी. त्या चिंधीचा एक धागा निघालेला होता. आत्याची परवानगी घेऊन तो चिमट्यात धरला आणि काडेपेटी ओढली. सुती धागा जळला असता तर कागद जळल्यासारखा वास आला असता आणि भुरभुरीत राख उरली असती. हा धागा वितळला आणि टोकाशी काळा, कडक मणी झाला. म्हणजे पॉलिएस्टर.

पॉलिएस्टरचा हा धागा इंग्लंडमध्ये व्हिनफील्ड आणि डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ मध्ये तयार केला. आपल्याकडे टेरिलीन आणि टेरिकॉटचे दिवस आले ते १९६० नंतर. मग सव्वाशे वर्षांच्या गोधडीत हा तुकडा शिरला कसा?

जोडकामाच्या कापडाचे वय ठरवायचे झाले तर नियम सोपा आहे. ते त्यातल्या सर्वांत नव्या चिंधीहून जुने असू शकत नाही. नवे मात्र कितीही असू शकते, कारण आजीचे लुगडे चाळीस वर्षे पेटीत ठेवून नात त्याची गोधडी शिवू शकते. जुनी चिंधी त्यामुळे काहीच सिद्ध करत नाही. साक्ष द्यायची ती नव्या चिंधीने. हे आपण बोलताना नेहमी उलटे करतो. सर्वांत जुना तुकडा दाखवतो आणि त्याचे वय साऱ्या गोधडीला चिकटवतो.

अशीच चूक जगातल्या एका फार प्रसिद्ध नमुन्याबाबत झाली आहे. त्याची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे.

अमेरिकेतल्या गोधडीला क्विल्ट म्हणतात. तिचा एक नमुना ‘लॉग कॅबिन’ या नावाने ओळखला जातो. लॉग कॅबिन म्हणजे लाकडाच्या ओंडक्यांचे घर. मधोमध एक लहान चौरस, बहुधा लाल. तो म्हणजे घरातली चूल, असे सांगतात. त्याच्याभोवती एकामागून एक पट्ट्या जोडत जायचे, जशी ओंडक्यावर ओंडका ठेवून भिंत उठते. लागून असलेल्या दोन बाजू फिक्या, उरलेल्या दोन गडद. त्यामुळे चौकोनाचा अर्धा भाग उन्हात आणि अर्धा सावलीत असल्याचा भास होतो. असे अनेक चौकोन निरनिराळ्या तऱ्हेने मांडले की कधी शंकरपाळे दिसतात, कधी नांगराच्या तासांसारख्या तिरक्या रेघा.

हा नमुना किती जुना? एक लोकप्रिय उत्तर आहे, इजिप्तइतका. ब्रिटिश म्युझियममध्ये मांजरांच्या ममी आहेत आणि त्यांतल्या काहींवर कापडाच्या पट्ट्या अगदी अशाच, चौरसाभोवती चौरस, गुंडाळलेल्या दिसतात. १८९० मध्ये अशा सुमारे एक लाख ऐंशी हजार मांजरांच्या ममी जहाजाने लिव्हरपूलला नेल्या आणि तिथे त्यांचा खत म्हणून लिलाव झाला. ममींचा असा शेवट ऐकून मुले ही गोष्ट विसरत नाहीत. पण अमेरिकेत लॉग कॅबिन क्विल्ट १८६० च्या दशकापासून दिसू लागतात. मांजरे आली ती त्यानंतर. त्याआधीही थोड्याफार ममी लंडनमध्ये होत्या, तेव्हा केवळ तारखेवरून ही शक्यता पुरती बाद होत नाही. पण त्या पाहून कुणी शिवल्याचा पुरावाही नाही. चौरसाभोवती पट्टी फिरवणे ही गोष्ट दोन वेगळ्या हातांना दोन वेगळ्या काळांत सुचणे मुळीच अवघड नाही.

दुसरी गोष्ट अधिक हृदयस्पर्शी आहे. काळा चौरस मधे असलेली अशी क्विल्ट दारात वाळत घातली की पळून आलेल्या गुलामांनी समजावे, या घरात आसरा मिळेल. १९९९ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकामुळे क्विल्टच्या अशा गुप्त खुणा शाळाशाळांत शिकवल्या गेल्या. गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ मध्ये. ज्या काळात ही खूण उपयोगी पडली असती, त्या काळातल्या लॉग कॅबिन क्विल्ट जवळजवळ मिळतच नाहीत. १९३६ ते १९३८ या काळात पूर्वाश्रमीच्या दोन हजारांहून अधिक गुलामांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या. त्यांतही या खुणांचा उल्लेख सापडत नाही. शिक्षकांची अडचण मला समजते. गोष्ट चांगली आहे, मुलांच्या मनाला भिडते, आणि ती खोटी ठरवताना आपणच कठोर वाटतो. तरीही तारीख विचारलीच पाहिजे.

तिसरी गोष्ट अब्राहम लिंकनची. लिंकन १८०९ मध्ये ओंडक्यांच्या घरात जन्मले आणि १८६० च्या निवडणुकीत त्यांच्या बाजूने या जन्माचा पुष्कळ बोलबाला झाला. नमुन्याचे नाव त्यामुळे रुजले असेल, हे तारखांशी जुळते. जुळते एवढेच, यापुढे जायला आधार नाही.

क्विल्टच्या अभ्यासकांना इतक्या ठामपणे बोलता येते याचे एक कारण कागद. युरोपातली एक पद्धत अशी, की कागदाचे आकार कापायचे, त्यांवर कापड दुमडून टाचायचे आणि मग ते तुकडे एकमेकांना शिवायचे. पुष्कळदा कागद आतच राहून जातो. तो जुन्या पत्राचा, वहीचा किंवा वर्तमानपत्राचा असतो आणि त्यावर कधी कधी तारीखही असते. इंग्लंडमधले एक रेशमी जोडकाम असे कागद पोटात घेऊन टिकले आहे. त्यावर तर १७१८ हे साल शिवलेलेच आहे. तिथल्या क्विल्ट बनवणाऱ्यांच्या संघाने ते २००० मध्ये विकत घेतले.

लॉग कॅबिनमध्ये आधाराची युक्ती थोडी वेगळी. जुन्या कापडाचे वीण सैल झालेले असते. पट्टी उभ्या-आडव्या धाग्यांना तिरकी, शिंप्याच्या भाषेत उरेब, कापली गेली की ती ताणते आणि चौकोन वाकडा होतो. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या बायका पट्ट्या एका साध्या कापडाच्या चौकोनावर शिवत. ते कापड आतच राही. पुढे कापडाऐवजी कागद आला. कागद ताणत नाही, त्यावर रेघा आखता येतात आणि शिलाईच्या भोकांमुळे तो शेवटी टपाल तिकिटासारखा सहज फाटून निघतो.

हे वर्गात करून पाहण्यासारखे आहे. वहीच्या कागदावर १५ सेंटिमीटरचा चौरस आखा. त्यात ३ सेंटिमीटरचे पाच गुणिले पाच घर पाडा. मधले घर १ क्रमांकाचे. त्याच्या एका बाजूला एका घराची पट्टी, २. तिथून गोल फिरत पुढची पट्टी दोन घरांची, मग दोन, तीन, तीन, चार, चार आणि शेवटची पाच घरांची. तिचा क्रमांक ९. नको असलेल्या रेघा खोडा. पट्ट्या ४.५ सेंटिमीटर रुंद कापा. आता कापड कागदाच्या कोऱ्या बाजूला ठेवायचे आणि टाका रेघेच्या बाजूने घालायचा; नवशिक्याची चूक इथेच होते. पहिला तुकडा सुलट बाजू वर ठेवून टाचणीने अडकवा. दुसरी पट्टी त्याच्यावर पालथी ठेवा, तिची कड रेघेच्या पलीकडे अर्धा-पाऊण सेंटिमीटर जाऊ द्या. कागद उलटा करून १ आणि २ यांमधल्या रेघेवर बारीक टाके घाला. मग पट्टी उलगडून नखाने दाबा आणि पुढचा क्रमांक घ्या. शेवटी बाहेरच्या रेघेपलीकडे थोडी शिलाईची जागा सोडून कड कापा. चौकोन एकमेकांना जोडून होईपर्यंत कागद काढू नका. कापडावरचे चित्र कागदावरच्या चित्राच्या आरशातल्या प्रतिमेसारखे येते. ते का, हे मुलांनीच शोधावे.

या चौकोनात गणितही दडलेले आहे. मधले घर एक. पहिल्या दोन फिक्या पट्ट्यांची घरे १ + २, म्हणजे ३. पुढच्या दोन गडद पट्ट्यांची २ + ३, म्हणजे ५. मग फिक्या ७, गडद ९. एक, तीन, पाच, सात, नऊ या विषम संख्या एकामागून एक मिळवत गेलो की १, ४, ९, १६, २५ असे वर्ग मिळतात, हे इथे डोळ्यांना दिसते. चौरसाच्या दोन बाजूंना पट्ट्या लावून तो वाढवण्याची रीत आपल्या शुल्बसूत्रांतही आहे. आणखी एक गंमत. चौकोन अर्धा फिका, अर्धा गडद वाटतो ना? घरे मोजा. फिकी १०, गडद १४. बाहेरची पट्टी नेहमी गडदच्या वाट्याला आली, त्याचा हा परिणाम.

हा नमुना काटकसरीचा आहे असे सर्रास लिहिले जाते. तेही मोजून पाहा. पट्ट्यांची दिसणारी लांबी ७२ सेंटिमीटर. टोकांना दीड सेंटिमीटर सोडले तर ८४. त्याला साडेचाराने गुणले आणि मधला तुकडा मिळवला की सुमारे ४०० चौरस सेंटिमीटर कापड लागते. दिसते ते २२५. बाकीचे शिलाईत आणि कडेच्या कापण्यात जाते. दुसऱ्या कशालाही न येणाऱ्या अरुंद चिंध्या यात खपतात हे खरे. पण जिच्याकडे कापडच कमी आहे, तिचा हा नमुना नव्हे.

आपल्या बाजूची गोधडी त्यामुळेच निराळ्या रीतीने बनते. खाली अख्खे लुगडे, आत जुने कापड आणि धावदोऱ्याच्या ओळी. देशावर वाकळ, कर्नाटकात कौदी. लॉग कॅबिनच्या सर्वांत जवळची म्हणावी अशी रीत सिंधुदुर्गाहून फार दूर नाही. दोडामार्गाच्या खाली गोवा, गोव्यापलीकडे उत्तर कन्नड जिल्हा. तिथल्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या भागांत सिद्दी समाज राहतो. पोर्तुगीज काळात आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्यांपैकी जे निसटून जंगलात गेले, त्यांचे वंशजही या समाजात आहेत. त्यांच्यात कोकणी बोलणारेही पुष्कळ. तिथल्या बायका ‘कवंदी’ शिवतात. आधाराला जुनी साडी. तिच्या एका कोपऱ्यापासून तुकडे लावत कडेकडेने जायचे, आणि एक फेरा पुरा झाला की आतला फेरा. लॉग कॅबिन मधून बाहेर वाढते, कवंदी बाहेरून मध्याकडे जाते. चार कोपऱ्यांना दुमडलेल्या त्रिकोणी तुकड्यांची ‘फुला’ लावतात. ती नसली तर कवंदी उघडी वाटते, असे त्या सांगतात. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे कलेतिहासाचे प्राध्यापक हेन्री ड्रेवाल यांनी २००४ च्या सुमारास या बायकांबरोबर काम सुरू केले आणि पुढे कवंदीवर पुस्तकही लिहिले. तेव्हापासूनच्या कवंदींना शिवणाऱ्या बाईचे नाव आणि साल मिळू लागले. त्याआधीच्या वापरून संपल्या.

कवंदीची रीत आफ्रिकेतून आली की शेजारच्या कौदीवरून उचलली, असा प्रश्न हमखास निघतो. नुसत्या दिसण्यावरून उत्तर दिले तर आपण पुन्हा त्या मांजरांपाशीच येतो.

कापड टिकत नाही हीच मुख्य अडचण. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस, पेटीत कसर, भिंतीला बुरशी. कधी कधी कापड जाते आणि कागदावरचा शब्द मात्र उरतो. बौद्ध भिक्षूंचे चीवर तुकड्यांचे असावे आणि त्याची मांडणी मगधातल्या बांध घातलेल्या भातशेतीसारखी असावी, असे विनयपिटकात आहे. कुणगे आणि मेरा पाहत वाढलेल्या आपल्या मुलांना ती मांडणी चित्राशिवाय कळेल. त्या काळातले चीवर मात्र आपल्यापुढे नाही.

आता आत्याची गोधडी. निळी चिंधी वितळल्यावर मी जरा घाईनेच म्हणालो, की ही काही पणजीची नाही. आत्याला राग आला नाही. तिने मला चिंधी नीट बघायला लावली. मूळ टाक्यांच्या ओळी चिंधीच्या खालून गेल्या असत्या तर ती नंतरचे ठिगळ ठरली असती. तसे नव्हते, ओळी चिंधीवरूनच गेल्या होत्या. म्हणजे वरची गोधडी खरोखरच अलीकडची, १९६० नंतरची. मग आत्याने एका कोपऱ्याजवळची उसवण बोटाने रुंद केली.

“झिला, पणजेची गोधडी भायर नाय, ती भितुर असा.”

आत विटलेल्या लाल कापडाची आणखी एक गोधडी होती, तिच्यावर तिच्या स्वतःच्या टाक्यांच्या ओळी. फाटत आलेली गोधडी टाकायची नाही, तिला आत घालून वर नवी चढवायची, ही घराघरातली रीत मीच विसरलो होतो. तो लाल रंग मंजिष्ठेचा की १८६९ नंतर कारखान्यात बनू लागलेल्या अलिझरीनचा, हे डोळ्यांनी सांगता येत नाही. त्याला प्रयोगशाळा लागते आणि गोधडी उसवावी लागते. आत्या उसवू द्यायला तयार नव्हती. मी त्या भोकातून दोन छायाचित्रे घेतली. वरची गोधडी कुणी आणि कुठल्या साली घातली ते तिला आठवले तसे लिहून घेतले. मग तिने दाभण मागितला आणि कोपरा शिवून टाकला.